भिंत इथल्या मातीची, उंबरठा आपला

मराठीतील रंगांची नावे एकदा ओळीने म्हणून पाहावीत. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, जांभळा, नारिंगी, वांगी ही नावे परसातून आणि मंडईतून आलेली. अबोली, गुलबक्षी, केतकी ही फुलझाडांनी दिलेली. पोपटी आणि मोरपंखी पाखरांकडून उसनी घेतलेली. विटकरी, मातकट, शेवाळी, राखी, आकाशी या नावांत पायांखालच्या मातीपासून डोक्यावरच्या आभाळापर्यंतचा सारा पसारा आला. तपकिरी रंग तपकिरीच्या डबीतून निघाला, तर किरमिजी एका चिमुकल्या किड्याच्या देहातून. आपल्या आज्या-पणज्यांना लुगडे घेताना यातील कोणत्याही नावाचा अर्थ विचारावा लागत नसे. आमसूल आणि जांभूळ यांच्या रंगांत किती अंतर आहे, हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक होते.

निसर्गातील रंगांनी घर सजवावे, हा विचार आज नव्याने मांडला जातो. परंतु ज्यांच्या भाषेनेच रंगांची ओळख निसर्गाच्या नावाने करून दिली, त्या मराठी कुटुंबांना तो परका वाटण्याचे कारण नाही. पावसाळा सरून नवरात्र जवळ आले, की इंदूर असो वा ग्वाल्हेर, बडोदे असो वा बेळगाव, घराघरांत रंगरंगोटीची बोलणी सुरू होतात. दुकानातून शेडकार्ड येते. त्यात छटा शेकड्यांनी असतात, आणि यंत्राच्या साहाय्याने मागाल ती छटा मिनिटाभरात मिसळून मिळते. मग कोणी पोपटाचा हिरवा एका भिंतीला लावतो, कोणी पळसफुलाचा शेंदरी दुसऱ्या भिंतीला, आणि छताला आभाळाचा निळा. प्रत्येक रंग निसर्गातलाच. तरीही त्या खोलीत घटकाभर बसले की डोळ्यांना शीण येतो. असे का व्हावे? निसर्गाने डोळ्यांना विसावा द्यावा आणि निसर्गाच्याच रंगांनी तो हिरावून घ्यावा, हे कोडे उलगडण्याजोगे आहे.

निसर्गाचे प्रमाण

आमच्या मते या कोड्याचे पहिले उत्तर प्रमाणात आहे. फाल्गुनातला माळ पाहावा. मैलभर पसरलेले वाळके गवत, करडी खोडे, धुळीने मळलेली पाने; आणि त्या साऱ्यांत एखाद्या पळसावर पेटलेला शेंदरी रंग. तो नजरेत भरतो, कारण त्याच्याभोवती एवढा मोठा शांत विस्तार असतो. तळ्याकाठी बसलेला खंड्या पक्षी जेमतेम मूठभर असतो. परंतु त्याच्या पाठीवरचा निळा रंग उडताना चमकून जातो आणि दिवसभर आठवतो. निसर्ग भडक रंग सोन्यासारखा तोलून वापरतो आणि मातीचे, दगडाचे, वाळल्या पानांचे रंग पाण्यासारखे ओततो. आपण घरात नेमके उलटे करतो आणि मग दोष रंगाला देतो.

ग्वाल्हेरच्या गडावर मानसिंह तोमराने बांधलेला मानमंदिर नावाचा राजवाडा या दृष्टीने पुन्हा एकदा पाहण्याजोगा आहे. मानसिंहाची कारकीर्द १४८६ ते १५१६ अशी होती. वाड्याची सारी उंच भिंत पिवळसर वालुकाश्माची. आणि तिच्यावर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकाकत्या फरशांचे पट्टे, त्यांत बदकांच्या रांगा, हत्ती आणि केळीची झाडे. पाचशे वर्षांनंतर आजही तो निळा रंग दुरून मनाला ओढ लावतो. सबंध भिंतच निळ्या फरशांनी मढवली असती, तर त्या बदकांकडे कोणाचे लक्ष गेले असते?

दुसरे उत्तर रंगाच्या जातीत आहे. मोराच्या पिसाऱ्यातला किंवा खंड्याच्या पाठीवरचा निळा हा मुळात रंगद्रव्याचा निळा नव्हे. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश विशिष्ट रीतीने परत फिरतो, त्यातून तो दिसतो; मोराच्या गळ्याची छटा पाहणाऱ्याची जागा बदलली की बदलते ती त्यामुळेच. असा रंग डब्यात भरून सपाट भिंतीवर फासला, की त्यातला जीव निघून जातो आणि नुसते नाव उरते. मोरपंखी रंग रेशमी वस्त्रावर खुलतो, कारण तेथे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घालून धूपछाव साधता येते. भिंतीला ते जमत नाही. म्हणून पाखरांचे व फुलांचे रंग उशीला, पडद्याला, तोरणाला द्यावेत, आणि भिंतीसाठी भिंतीच्याच जातीचा रंग शोधावा. भिंतीची जात मातीची. तिचा रंगही मातीतच आहे.

मातीतले लोखंड

गेरू, पिवळी माती, काव, हिरमंजी ही नावे निरनिराळी असली, तरी त्या सर्वांचा रंगारी एकच, आणि तो म्हणजे लोखंड. लोखंडाची ऑक्साइडे मातीत मिसळलेली असतात. त्यांत पाण्याचा अंश बांधलेला असला म्हणजे माती पिवळी दिसते. तो नसला म्हणजे ती तांबडी दिसते. पिवळी माती तव्यावर चांगली भाजली, की आतले पाणी निघून जाते आणि ती आपल्या डोळ्यांदेखत गेरूच्या वळणाला लागते. हा प्रयोग शाळेतील मुलांपुढे करावा. पुस्तकातील पानभर मजकुराने जे समजत नाही, ते त्यांना त्या एका तव्याने समजते. कच्ची वीट मातकट असते आणि भट्टीतून निघताना लाल होऊन येते, तेही याच लोखंडामुळे.

या मातीच्या रंगांचा गुण असा, की ते उन्हाने विटत नाहीत. सूर्याखाली हजारो वर्षे पडून राहिलेल्या द्रव्याला आपल्या खिडकीतले ऊन आणखी काय करणार! वनस्पतिजन्य रंगांचे तसे नाही. हळदीने भिंत पिवळी करावी असे कोणाच्या मनात आले, तर त्याने घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला विचारावे. हळदीत चुना पडला की ती लाल होते, आणि जुन्या रीतीचे कुंकू त्यातूनच होत असे. शिवाय हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पळसाच्या फुलांचा रंग रंगपंचमीला एक दिवस खेळावा इतकाच. फुलांचे रंग कापडाला आणि सणाला, भिंतीला मातीचे.

जुन्या घरांच्या भिंतींच्या तळाशी हात-दीड हात उंचीचा गेरूचा पट्टा असे, तो काही केवळ शोभेसाठी नव्हे. पावसाच्या धारा जमिनीवर आपटून चिखलाचे शिंतोडे नेमके तेवढ्याच उंचीपर्यंत उडतात. पांढऱ्या चुन्यावर ते डाग महिनाभर दिसत राहिले असते. गेरूवर ते दिसतच नाहीत. मातीचा डाग मातीनेच झाकण्याची ही युक्ती ज्या कोणा अनाम गवंड्याला सुचली, त्याने सौंदर्य आणि सोय यांची गाठ फार सहज घातली.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात या तांबड्या मातीची एक स्वतंत्र कलाच झाली. तिला कावी कला म्हणतात. शिंपल्या भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ एकत्र मळून मुरवत ठेवावयाचे. त्याचा गिलावा भिंतीवर चढवावयाचा. वर काव कालवून तांबडा थर द्यावयाचा. आणि तो ओला आहे तोवर टोकदार सळईने खरवडून नक्षी काढावयाची. खरवडलेल्या जागी खालचा पांढरा चुना दिसू लागतो. दोनच रंग, आणि त्या दोहोंत वेली, पक्षी, देवादिकांच्या कथा, सारे काही. मोर्जीच्या मोरजाईच्या देवळात ही कला आजही पाहावयास मिळते. समुद्राने शिंपला दिला आणि डोंगराने काव दिली. त्या गावाच्या हद्दीबाहेरचे असे त्या भिंतीत काही नाही.

चुन्याची संगत

मातीच्या रंगाचा जुना सोबती चुना. त्याचा स्वभाव आज पुष्कळांना अपरिचित झाला आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. चुनखडी भट्टीत भाजली, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुन्याची कळी उरते. तिच्यावर पाणी घातले की ती उकळून फुलते. हा विझवलेला चुना पातळ करून भिंतीला दिला, म्हणजे तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होऊन बसतो. चुना दिलेल्या भिंतीवर दगडाचाच एक तलम पापुद्रा चढलेला असतो. त्यात मिसळलेली माती त्या दगडात कायमची बांधली जाते. चुन्याच्या भिंतीला जी आतून आल्यासारखी मंद झळाळी असते, ती ऑइलपेंटच्या तुळतुळीत भिंतीला येत नाही.

चुन्यात रंग मिसळताना मात्र पारख हवी. चुना तीव्र अल्कधर्मी आहे. त्याच्याशी सर्वांचे पटत नाही. गेरू, पिवळी माती, काव यांचे उत्तम पटते. कपड्यांना घालतात त्या पुडीतल्या भुकटी निळीचे, म्हणजे अल्ट्रामरीनचेही पटते. चिमूटभर निळीने चुना अधिक पांढरा दिसतो, हे आपण जाणतोच. बाटलीतली पातळ नीळ हे निराळे द्रव्य आहे. ती येथे वापरू नये. प्रशियन निळा नावाचा रंग दिसायला सुंदर, पण चुन्यात पडला की तपकिरी होतो. रंगमाती चुन्याच्या दहाव्या हिश्शाहून कमीच असावी; जास्त झाली तर हाताला रंग लागू लागतो. ओल्या चुन्याची छटा गडद दिसते आणि वाळल्यावर पुष्कळच फिकी होते. त्यासाठी आधी हातभर जागेवर लावून, दोन दिवस वाळू देऊन, मग निर्णय करावा. भिंत आधी पाण्याने भिजवावी, आणि एक जाड हात देण्याऐवजी तीन पातळ हात द्यावेत. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. कळी विझवताना मुलांना दूर ठेवावे.

येथे जुन्या वाड्यांत राहणाऱ्या वाचकांना कळकळीने एक गोष्ट सांगावीशी वाटते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे मराठी कुटुंबांची शंभर-दीडशे वर्षांची घरे अजून उभी आहेत. त्यांच्या भिंती विटांच्या, दगडांच्या किंवा मातीच्या, सांधे चुन्याचे. अशा भिंती जमिनीतली ओल शोषतात आणि चुन्याच्या पृष्ठभागातून ती हवेत सोडून देतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक पेंट चढवला, की ओल आत कोंडते. मग पोपडे धरतात, खार फुलतो, आणि रंग सुटताना जुना गिलावाही बरोबर घेऊन खाली येतो. घरमालक दरवर्षी अधिक महाग रंग आणतो आणि दरवर्षी भिंत अधिक खंगते. अखेर घर जीर्ण झाले असे ठरून ते बिल्डरच्या हाती जाते. घरे विकली जाण्याची कारणे पुष्कळ असतात, आणि त्यांतील बरीचशी आपल्या हाती नसतात. परंतु जेथे नुसती भिंत मोकळी ठेवल्याने घराचे आयुष्य वाढू शकते, तेथे ते न करणे हे दु:खद होय.

सिमेंटच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ज्या भिंतीवर आधीच प्लॅस्टिक पेंट आहे, तिच्यावर चुना धरत नाही. त्यांनी बिनचकाकीचा इमल्शन रंग घ्यावा, पण छटा शेडकार्डावरून न निवडता मातीच्या ढेकळाशी ताडून निवडावी. खादी व ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये शेणापासून बनविलेला प्राकृतिक पेंट बाजारात आणला, तोही डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. सारवणाची जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कल्पनेचे नवल वाटणार नाही.

नैसर्गिक, पण निर्धोक नव्हे

निसर्गाचे म्हणून जे जे काही आहे ते निरुपद्रवीच असते, असा एक गोड समज अलीकडे पसरला आहे. त्याला आपल्या भाषेतच उतारा आहे. एखाद्या कामाचा नाश केला म्हणजे त्यावर 'हरताळ फासला' असे आपण म्हणतो. पोथी लिहिताना चूक झाली, की लेखनिक त्या अक्षरांवर पिवळा हरताळ फाशीत. त्यावरून हा वाक्प्रचार आला. हा हरताळ खनिजच, पण तो सोमलाच्या कुळातला, अर्थात विषारी. हिंगूळ पाऱ्याचा, तोही तसाच. सफेदा शिशाचा. हे तिन्ही रंग निसर्गातल्या खनिजांशी नाते सांगणारे असले, तरी घराच्या भिंतीवर त्यांना जागा नाही.

शिशाविषयी विशेष सावध असावे. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा, अधिक असू नये असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषत: दारे-खिडक्यांच्या लखलखीत पिवळ्या-लाल रंगांत, शिसे असण्याचा संभव असतो. असा जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवू नये. पाण्याने ओला करून खरवडावा, आणि लहान मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या दिवशी घराबाहेर ठेवावे.

ज्या गावी घर, त्या गावची माती

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मातीचा रंग घ्यावयाचा, पण कोणत्या मातीचा? येथे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांपुढे एक हळवा प्रश्न उभा राहतो. कोणाचे मूळ गाव साताऱ्याकडे, कोणाचे रत्नागिरीकडे. ते सोडून सहा-सात पिढ्या झालेल्या. घर मात्र चंबळेच्या किंवा विश्वामित्रीच्या पाण्यावर वाढलेले. मग भिंतीला रंग कुठला असावा, आठवणीतल्या गावाचा की दाराबाहेरच्या गावाचा?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. भिंत दाराबाहेरच्या गावाची असावी. याचे कारण भावनेत नसून उजेडात आहे. खिडकीतून आत येणारा प्रकाश बाहेरच्या जमिनीवरून परतून येतो आणि तिचा रंग अंगावर घेऊन येतो. कोकणातला पावसाळी हिरवा उजेड आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातला धुळकट पिवळा उजेड यांत एकच रंग दोन प्रकारचा दिसतो. जी छटा बाहेरच्या मातीतून घेतली, तीच त्या उजेडात स्वस्थ बसते.

इंदूरकरांनी तर या बाबतीत परकेपणा मानूच नये. माळव्याचे पठार त्याच काळ्या पाषाणाचे आहे, ज्याचा सह्याद्री झालेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेला लाव्हा नर्मदेच्या दोन्ही बाजूंना पसरला. पुण्याचा माणूस आणि इंदूरचा माणूस एकाच खडकावर उभे आहेत. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे बांधले गेले, ते आपापल्या अंगच्या रंगाने शोभत. १९८४ च्या आगीत त्याचा फार मोठा भाग गेला. तरी दर्शनी भागाकडे पाहून दगड आणि लाकूड यांची ती जुनी जोडी आजही ओळखू येते. माळव्यातील स्त्रिया गेरूने सारवलेल्या जमिनीवर खडूच्या पांढऱ्या मातीने मांडणे काढतात, आणि श्राद्धपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा काढून तिला फुलांच्या पाकळ्यांनी मढवतात. तपकिरी शेण आणि त्यावर मोजक्या पाकळ्या! प्रमाणाचा धडा याहून चांगला कोण देणार?

बडोद्याची जमीन गाळाची, म्हणून तेथले जुने घर विटांचे आणि कोरीव लाकडाचे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा तेथे आहे. त्याच्या भिंतींवरील एकोणिसाव्या शतकातली चित्रे आता पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहेत. गुजरातेत वाढलेल्या मराठी घराने आपल्या भिंतींवर काय काय पाहू इच्छिले, हे त्या खोल्यांत उभे राहिले की कळते. बडोद्याच्या घरांना फिकी विटकरी किंवा गव्हाच्या कोंड्यासारखी छटा आणि लाकडाला नुसते तेल, इतके पुरे.

ग्वाल्हेरला गडाचा दगडच वाट दाखवतो: मधाळ, पिवळसर, क्वचित गुलाबी झाक असलेला. बेळगाव हे तर दोन मातींच्या सीमेवरचे गाव. दक्षिणेला खानापुराकडे निघावे तो जमीन तांबडी होत जाते, आणि पूर्वेला बैलहोंगलकडे वळावे तो काळी. सीमा म्हटली की बेळगावकरांच्या मनात पुष्कळ काही दाटून येते. परंतु मातीने तेथे दोन रंग भांडण न करता शेजारी ठेवले आहेत. भिंतीला काव आणि फरशीला काळा दगड, ही जोडी त्या गावाला निसर्गानेच सुचवलेली.

गोव्याला सारे तांबडे आणि हिरवे. जांभ्याच्या लाल दगडाशेजारी पावसाळ्यातले हिरवे इतके गर्द असते, की भिंतीवर आणखी हिरवा लावणे म्हणजे भातावर भात वाढणे. पणजीच्या फोंताईन्हास वस्तीतील घरे पिवळ्या, तांबड्या, निळ्या रंगांनी नटलेली असतात आणि खिडक्या-कोपऱ्यांना पांढऱ्या कडा असतात. ते रंग गडद असूनही बोचत नाहीत, कारण प्रत्येकाला पांढऱ्या काठाने आवरलेले असते, जसे लुगड्याला काठ आवरतात.

हैदराबादेत जिकडे पाहावे तिकडे करड्या-गुलाबी ग्रॅनाइटच्या शिळा एकीवर एक रचून ठेवल्यासारख्या दिसतात. तो पाषाण सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा, म्हणजे सह्याद्रीच्या पाषाणाहून कितीतरी वृद्ध. त्याची राखी-गुलाबी छटा आतल्या भिंतीला फार शांत दिसते. गच्ची मात्र पांढरीच असावी. ऊन परतवून घर थंड ठेवणाऱ्या छपरांसाठी तेलंगण सरकारने २०२३ मध्ये पाच वर्षांचे धोरणच जाहीर केले आहे. गच्चीला चुना देणारी जुनी माणसे ते धोरण न वाचताच पाळीत होती.

खोलीखोलीचा उजेड

सर्व खोल्यांना एकच छटा देऊ नये. उत्तरेकडच्या खोलीत थेट ऊन कमी येते आणि उजेड किंचित निळसर असतो. तेथे पिवळ्या मातीची ऊब द्यावी. पश्चिमेकडची खोली दुपारनंतर तापते. तेथे पांढऱ्याजवळचा राखी किंवा अगदी फिकट शेवाळी रंग बरा. काळोख्या माजघरात गडद गेरू फासून ते आणखी काळोखे करू नये; तेथे चुना आणि चिमूटभर नीळ. छत नेहमी भिंतीहून फिके असावे, जसे आभाळ जमिनीहून फिके असते. आणि खाली पायांशी रंग गडद होत जावा. मोकळ्या रानात आपले डोळे हाच क्रम पाहत आले आहेत. छटा ठरवताना ती सकाळी, भर दुपारी आणि दिवा लावल्यावर अशी तीन वेळा पाहावी. दुकानातल्या दिव्याखाली ठरवलेला रंग घरच्या दिव्याखाली पुष्कळदा अनोळखी होतो.

उंबरठा

भिंत इथल्या मातीची झाली. मग आपले असे काय राहिले? आमच्या मते जे मोजके आणि तेजस्वी आहे ते सारे आपले. उंबरठ्यावरची रांगोळी, तिच्यातली हळदीकुंकवाची बोटे, दाराचे आंब्याचे आणि झेंडूचे तोरण, देवघरातले तांब्या-पितळेचे तेज, तुळशीवृंदावनाचा गेरू, खुंटीवरची केशरी शाल, आणि पलंगावर पसरलेली आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. निसर्गाचे प्रमाण लक्षात आणावे: मोठा विस्तार शांत, आणि त्यात थोडासा झळाळ. सहा पिढ्या परमुलखात राहिलेल्या मराठी घराचेही तेच प्रमाण आहे. मोठा विस्तार त्या त्या गावाचा, तिथल्या भाषेचा, शेजाराचा, अन्नपाण्याचा. आणि त्यात जपलेला एवढासा आपला रंग. तो थोडा आहे म्हणून फिका मानू नये. पळस तरी माळावर एखादाच असतो.

हा रंग टिकायचा तर त्याची नावे टिकली पाहिजेत. आमच्या घरांतली मुले आमसुली, अंजिरी, डाळिंबी या तिन्हींना एकाच इंग्रजी शब्दाने हाक मारू लागली आहेत. नाव गेले की डोळ्यांतला भेदही जातो. ज्याला नाव नाही ते निवडायचे कसे आणि मागायचे कसे? म्हणून येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने स्वत:चे एक शेडकार्ड करावे, अशी आमची सूचना आहे. एक जाड पुठ्ठा घ्यावा. त्यावर आपल्या गावच्या मातीचे दोन-तीन लेप द्यावेत: कच्च्या, भाजलेल्या आणि चुन्यात मिसळलेल्या मातीचे. शेजारी अंगणातल्या झाडाचे वाळके पान, विटेचा चुरा, घरातल्या जुन्या लुगड्याचा काठ, पैठणीचा किंवा महेश्वरीचा जीर्ण तुकडा चिकटवावा. प्रत्येकाखाली त्याचे मराठी नाव मुलांच्या हातून लिहवून घ्यावे. आणि त्या रंगाला तुमच्या गावच्या भाषेत, मग ती हिंदी, गुजराती, कानडी, कोंकणी वा तेलुगू असो, जे म्हणत असतील तेही शेजाऱ्यांना विचारून लिहावे.

रंगाऱ्याला बोलवाल तेव्हा हा पुठ्ठा त्याच्या हाती द्यावा. भिंतीचा रंग त्यातल्या मातीवरून ठरवावा, आणि पडद्याचा-तोरणाचा त्यातल्या काठावरून. काम संपल्यावर पुठ्ठा फेकून न देता कपाटात जपून ठेवावा. पुढच्या खेपेला घराला रंग देणारे हात बहुधा त्या मुलांचे असतील. त्यांना तो लागेल.